घाटावरचा तांडेल

इंदुरीला समुद्र नाही. तळेगावहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इंद्रायणीच्या काठी वसलेले हे गाव. त्याची नदीदेखील कोकणाकडे पाठ फिरवून वाहते. लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावलेले तिचे पाणी तुळापूरला भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि अखेरीस पूर्वेच्या समुद्रात जाते. अशा गावी बसून मी गेली दोन वर्षे दर रविवारी दुपारी जहाज हाकतो, असे सांगितले तर वाचक हसतील. खुशाल हसावे, पण ते कसे हाकतो तेवढे ऐकून घ्यावे.

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चार-सहा मंडळी बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो नगरे, अरण्ये, राक्षस आणि वादळे उभी करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात. आपल्याकडे दिवाळीत पोरे अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात आणि तासन् तास लढाया खेळतात, तशातलाच हा प्रकार. बुरुजावरून पडलेला मावळा मेला की जगला, यावर दोघा भावंडांत जे भांडण जुंपते, ते मिटवण्यासाठी येथे वीस पैलूंचा फासा असतो, इतकेच. गंमत अशी की या जोडीने मिळून केलेला आधीचा खेळ जहाजांचाच होता. माईक कार यांच्यासह त्यांनी १९७२ साली शिडाच्या जहाजांच्या लढाईचे नियम लिहिले होते. तेव्हा या खेळाच्या रक्तातच थोडे खारे पाणी आहे.

आमच्या घरी हा खेळ माझ्या भाचीने आणला. ती कॉलेजात जाते आणि सूत्रधार तीच. तिचा धाकटा भाऊ चौदा वर्षांचा. तो लोखंडी चिलखतातला योद्धा. शेजारचे एक निवृत्त बँक कारकून मांत्रिक झाले आहेत आणि त्यांच्या सौभाग्यवती वैद्य. मला भाचीने विचारले, “मामा, तुम्ही कोण होणार?” मी म्हटले, “दर्यावर्दी.”

नियमांच्या पुस्तकात दर्यावर्दीची सोय होती. २०१४ सालच्या आवृत्तीप्रमाणे त्याला होकायंत्र-नकाशाची विद्या येते, आणि ओळखीच्या जहाजावर स्वतःसाठी व सोबत्यांसाठी फुकट प्रवास मिळू शकतो. खाली एक पोटभेद दिलेला आहे : चाचा, म्हणजे समुद्रावरचा लुटारू. त्याला फुकट प्रवासाऐवजी दुष्कीर्ती मिळते. लोक घाबरतात आणि बारीकसारीक गुन्हे पोटात घालतात. भाच्याने डोळे चमकवून सांगितले, “मामा, चाचा व्हा!”

मी नाही म्हटले, आणि त्याचे कारण आमच्या मावळातच आहे. लोहगड आणि राजमाची हे किल्ले एके काळी एका दर्यावर्दीने घाट चढून येऊन घेतले होते. ते कान्होजी आंग्रे. शाहू महाराजांनी पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्यांनी कैद केले. तेव्हा बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद देऊन पाठवण्यात आले, आणि १७१४ साली लोणावळ्याजवळ वळवणला दोघांत तह झाला. बहिरोपंत सुटले, कान्होजी शाहू महाराजांना मिळाले आणि मराठी आरमाराचे सरखेल म्हणून कायम झाले. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. कारण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबतांनी आंग्र्यांचा दस्तक घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. १७१८ साली इंग्रज खांदेरीवर चालून आले, १७२१ साली पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर आले. दोन्ही वेळा हात हलवत परत गेले. आपला समुद्र राखणारा माणूस दुसऱ्याच्या वहीत लुटारू ठरतो, हे एकदा कळल्यावर तो पोटभेद गमतीनेसुद्धा घ्यावासा वाटेना. इंदुरीचा किल्ला सरसेनापती खंडेराव दाभाड्यांचा. ते घोड्यावरचे सेनापती, कान्होजी पाण्यावरचे; दोघेही १७२९ सालीच गेले. म्हटले, खंडेरावांच्या गावात कान्होजींचा एखादा माणूस असायला काय हरकत आहे? पण सरखेल होण्याची माझी ऐपत नव्हती. मी झालो साधा तांडेल : एका जहाजाचा आणि त्यावरच्या माणसांचा धनी.

आता पात्र घेणे सोपे, वठवणे कठीण. ‘शिडे सोडा!’ असे ओरडून कोणी तांडेल होत नाही. मी कोळी बांधवांच्या विद्येची जमेल तेवढी उजळणी केली. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ निघते : पंचमीला पावणेचारच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, त्यावर बाहेर पडावे. दुपारी खारा वारा फिरतो, त्यावर घरी यावे. ही शिदोरी घेऊन मी खेळाला बसलो, तर भाची म्हणाली, “मामा, या जगात चंद्र दोन आहेत.” मी विचारले, “ठीक आहे, पण दर्या ऐकतो कोणाचे?” ती क्षणभर गप्प झाली, आणि मग तिने मोठ्या चंद्राच्या बाजूने निकाल दिला. त्या दिवसापासून आमच्या काल्पनिक समुद्राला तिथी आली.

खेळाचे नियमही समुद्राला मानतात. पाण्याखाली लांब तलवार चालवणे अवघड. भाला, त्रिशूळ, खंजीर बरे. श्वास किती वेळ रोखता येईल, ते पात्राच्या चिवटपणाच्या आकड्यावर ठरते. हे नियम मी भाच्याला अनेकदा वाचून दाखवले होते. तो म्हणे, “मामा, मी पाण्यात पडणारच नाही.”

एका रविवारी तो पडला. आम्ही वेढ्यात सापडलेल्या एका जलदुर्गाला धान्य पोहोचवायला निघालो होतो. दोन डोलकाठ्यांची आमची गुराब, सोबत एक वल्ह्यांचे गलबत. मागे तिप्पट मोठे शत्रूचे जहाज. भर दुपारी वारा पडला. मी आंग्र्यांची जुनी युक्ती काढली : गलबताने वल्ही मारीत गुराबेला दोरखंडाने ओढायचे. मोठे जहाज वाऱ्यावाचून जागीच राहते, आपण हळूहळू सरकतो. युक्ती चालली. इतक्यात गुराबेच्या कठड्यावरून समुद्रराक्षसाने भाच्याला ओढले, आणि तो चिलखतासकट खाली गेला. चिवटपणाच्या हिशेबाने श्वास चार मिनिटे.

मंडळी, टेबलावर शांतता पसरली. पोराने ते पात्र दोन वर्षे जपले होते. खेळात पात्र मेले की त्याचा कागद बाजूला ठेवतात. मांत्रिक म्हणाले, “तांडेल, धान्य महत्त्वाचे. किल्ल्यात शेकडो माणसे आहेत.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. खारा वारा सुटायची वेळ झाली होती. शत्रू समुद्राच्या बाजूला, म्हणजे वारा आधी त्याला मिळणार. मी कोयत्याने दोरखंड तोडला, गलबत मागे वळवले आणि कमरेला दोरी बांधून उडी घेतली. पंधरा हवे होते. फासा पडला नऊ. पुन्हा टाकला, सतरा. पोरगे वर आले.

पण वारा सुटला होता. शत्रू जवळ येत होता. तिथी पंचमी, भरतीला अजून वेळ, आणि समोर उथळ खाडी. गुराबेचा तळ उथळ. भार कमी केला तर ती आत शिरेल आणि मोठे जहाज तोंडाशीच अडकेल. मी धान्य समुद्रात टाकायला सांगितले. पोती एकामागून एक गेली. जहाज वाचले, माणसे वाचली. पुढच्या रविवारी भाचीने शांतपणे सांगितले, की उपासमारीने किल्ला पडला.

आठवडाभर आमच्याकडे त्यावर वाद चालला. मांत्रिक अजून माझ्याशी सहमत नाहीत, आणि त्यांनी व्हावे असा माझा आग्रहही नाही. सरखेलाने कदाचित धान्य वाचवले असते. त्याला सगळा किनारा सांभाळायचा असतो. तांडेलाच्या वाट्याला एक जहाज येते. त्यावर पाय ठेवणारा प्रत्येक जण त्याच्या शब्दावर पाय ठेवतो. एकाला सोडून पुढे गेलो, तर उरलेले उद्या कोणत्या भरवशावर वल्ही मारतील? शौर्य फाशावर मिळते. हा प्रश्न मात्र फाशावर सुटत नाही, आणि म्हणूनच हा खेळ पोरखेळ नाही. टेबलावर पाणी नव्हते की जहाज नव्हते. तरी दोरखंड तोडताना माझा हात खरोखर थरथरला, आणि पडलेल्या किल्ल्याची बातमी ऐकून जेवण गोड लागले नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. खाडीत शिरल्यावर भाच्याने प्रथमच मला मामा म्हटले नाही. तो म्हणाला, “तांडेल, आता कुठं जायचं?” मग त्याने पेन्सिल घेतली, आपल्या पात्राच्या कागदावरचे ‘चिलखत’ खोडले आणि त्याच्या जागी ‘भाला’ लिहिले.