चिऊचे दार

पावसात भिजलेला काऊ दाराशी उभा असताना चिऊने दार का उघडले नाही, असा प्रश्न दौंडच्या माझ्या नातवाने गेल्या चातुर्मासात विचारला आणि शिरूरहून कौतुकाने गोष्ट सांगायला गेलेली मी निरुत्तर झाले. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, तीट लावायची आहे, ही चिऊची कारणे मी चाळीस वर्षे रंगवून सांगत आले होते. आमच्या घरच्या गोष्टीत तर काऊ अखेर आत येतो, चुलीपाशी त्याला चटका बसतो आणि ऐकणारे हसतात. जैन घरात हे हसू इतकी वर्षे कसे खपले, कोण जाणे!

ऐकलेल्या कथेला शंका विचारणे आपल्या परंपरेला नवे नाही. विमलसूरींच्या ‘पउमचरियं’मध्ये राजा श्रेणिक गौतम गणधरांना विचारतो, की वानरांनी बलाढ्य राक्षसांना जिंकले कसे? त्या शंकेतून महाराष्ट्री प्राकृतातली निराळी रामकथा उलगडते. तेथे वानर म्हणजे वानरचिन्ह मिरवणारे विद्याधर. रावणाची दहा मुखे म्हणजे एक खरे मुख आणि हारातल्या रत्नांत उमटलेली त्याची नऊ प्रतिबिंबे. त्याचा वध रामाच्या नव्हे, लक्ष्मणाच्या हातून होतो. पण रावणाचे मरण मात्र चुकत नाही. कथा नव्याने पाहणे म्हणजे ती सौम्य करणे नव्हे.

म्हणूनच ‘चिऊने लगेच दार उघडले’ एवढाच बदल मला मिळमिळीत वाटला. चित्र काढत बसलेल्या नातीने मान वर न करता विचारले, “आजी, घर मेणाचे, तर चुलीने ते वितळत कसे नाही?” नातवाने लगोलग ऋतूच बदलला. दौंडचा वैशाख आला, मेणाचे घर ओघळले. काऊने पुन्हा बांधलेले शेणाचे घर वाळून टणक झाले. आता पिलाला घेऊन चिऊ काऊच्या दाराशी! अनेकांतवाद मी पाठशाळेत शिकवला आहे, पण इतका सोपा करून कधीच नाही.

पुढे मात्र भावंडांचे बिनसले. काऊनेही तिला तीनदा ‘थांब’ म्हणावे, हा नातवाचा हट्ट. पिलू उन्हात आहे, पहिल्याच हाकेला दार उघडावे, असे नातीचे म्हणणे. संवत्सरी उलटली तरी वाद मिटलेला नाही, आणि तिच्या चित्रातले काऊचे दार अद्याप कोरेच आहे.