पातळ पारीचा मोदक

सारण कुणालाही जमतं. ओला नारळ, गूळ, वेलची, वर थोडी खसखस; ओलसर राहील इतपत परतलं की झालं. उकडीच्या मोदकात कस लागतो तो पारीचा. मुलुंड, पार्ले, बोरिवलीतल्या मराठी घरांत चतुर्थीच्या दिवशी सुगरणीची पारख पारीवरूनच होते. ‘पारी काय पातळ झालीय!’ याहून मोठी दाद आमच्या इमारतीत मी ऐकलेली नाही.

पारीची सुरुवात गिरणीत होते. तांदूळ धुवायचे, सावलीत फडक्यावर वाळवायचे, अगदी बारीक दळून आणायचे. आंबेमोहोराच्या पिठाला वास सुरेख. त्यात थोडा इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ असला की पारीला चिवटपणा येतो. वाळवण घालायला गच्ची मिळेलच असं नाही, मग दिवाणखान्यात पंख्याखाली जुनी चादर अंथरली जाते. दुकानात मोदकाचं तयार पीठ मिळतं, तेही चालतं. फक्त ताजं हवं.

अंधेरी, घाटकोपर स्टेशनाबाहेर मोमो विकतात, त्यांचं आवरण मैद्याचं. मैद्यात ग्लूटेन असतं; मळलं की त्याची जाळी तयार होते, म्हणून पुरी लाटता येते, ताणता येते. तांदळात ते नाही. गार पाण्यात तांदळाचं पीठ भिजवून पारी करायला घ्या, हातातच भुगा होईल. म्हणून उकड काढायची. जितकं पीठ तितकंच पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाणी खळखळलं की पीठ घालून ढवळायचं आणि झाकण ठेवून दोन वाफा आणायच्या. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि ग्लूटेनची उणीव भरून काढतो. चिनी लोक हार गाव नावाचे कोळंबीचे मोदकच करतात म्हणा ना; तिथे ग्लूटेन काढलेला गव्हाचा स्टार्च असतो आणि तोही उकळत्या पाण्यातच भिजवतात. दूरच्या दोन स्वयंपाकघरांना एकच युक्ती सापडली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता मळणी. उकड परातीत काढून, हाताला पाणी नि तेल लावून, गरम असतानाच मळायची. चटके बसतात. ज्या शेजारच्या काकूंकडे मी हे शिकले, त्या सुरुवातीला वाटीच्या बुडाने उकड रगडायच्या आणि मग तळहाताने. गुठळी राहिली की पारी तिथेच फाटते. मळलेल्या उकडीवर ओलं फडकं हवंच. गार होऊन कोरडी पडली की तिला चिरा जातात.

लिंबाएवढा गोळा घेतला की अंगठे आत, बोटं बाहेर. गोळा फिरवत कडा दाबत जायचं, वाटीसारखी खोलगट पारी होईपर्यंत. बूड किंचित जाड, कड पातळ. मग चिमटीने कळ्या. नवशिकी बाई नुसत्या कडेला चिमटे काढते. काकूंची चिमूट पार तळाकडे उतरायची, म्हणून त्यांच्या कळ्या उकडल्यावरही उठून दिसायच्या. सारण भरून, मोदक तळहातावर फिरवत, सगळ्या कळ्या हळूच एकत्र आणून नाक काढायचं. पाण्यात बुडवून हळदीच्या पानावर ठेवला की उलत नाही. मोदकपात्रात दहा-बारा मिनिटं पुरतात. झाकण काढताच हळदीच्या पानाचा वास जिन्यापर्यंत जातो.

साच्याला मी नावं ठेवणार नाही. सकाळची लोकल गाठणाऱ्या बाईला एकवीस मोदक त्यानेच वेळेत होतात. पण साच्यात पारी दाबून बसवावी लागते, ती जाडच राहते. हाताची पातळ पारी साच्याला येत नाही.

म्हणून एवढंच सांगते: थेट चतुर्थीला एकवीसचा घाट घालू नका. येत्या संकष्टीला वाटीभर पिठाची उकड काढा आणि पाचच मोदक हाताने वळा. फाटलेल्या पाऱ्या टाकू नका. त्यात हिरवी मिरची, जिरं, मीठ घालून पुन्हा मळा, चपट्या निवगऱ्या थापा आणि त्याच मोदकपात्रात उकडा. गरम असताना वर तेल घालून खा.