तान्हुल्याची वेदना कोणाच्या हिशेबात?

जालना रस्त्यालगतच्या चिकलठाण्यात, औद्योगिक वसाहतीच्या आधाराने पोट भरणाऱ्या एखाद्या मुस्लिम कुटुंबात मुलाची सुंता ठरली म्हणजे प्रथम खर्चाची यादी होते. पाहुण्यांचे जेवण, मुलाचे नवे कपडे, हार, आणि सुंता करणाऱ्याचे मोल. सर्वांत स्वस्त बाब मात्र या यादीत अनेकदा नसते. बधिरतेच्या औषधाची एक सुई आणि त्यानंतरच्या आठवड्याची शुश्रूषा, एवढीच ती बाब. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे व्यवहार ठरविणारे एक आणि त्याची किंमत मोजणारा दुसराच. आणि हा दुसरा पाळण्यात असतो.

सुंता करावी की करू नये, हा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. इब्राहिमांपासून चालत आलेला हा संस्कार मुसलमानांनी श्रद्धेने जपला आहे. मराठी बोलणाऱ्या, कोकणातल्या बेने इस्राएल समाजानेही तो तितक्याच निष्ठेने पाळला. त्यांच्यात आठवा दिवस ठरलेला. मुसलमानांत वयाचा एकच दंडक नाही. काही घरे सातवा दिवस पसंत करतात, काही मुलगा पाच-सात वर्षांचा होईतो थांबतात. थोराड मुलाला निदान "वो देखो, सोने की चिड़िया" म्हणून वर पाहावयास लावण्याची रीत होती. तेवढ्यात वस्तरा आपले काम उरकी. तान्ह्या मुलाच्या वाट्याला तेवढी फसवणूकही येत नाही. त्याला काय कळते, असे समजून सारे उरकले जाते.

या समजुतीचा दोष एकट्या न्हाव्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. १९८०च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य रुग्णालयांतील नामवंत शल्यविशारदही नवजात अर्भकाला पुरती भूल न देता शस्त्रक्रिया करीत. त्याची मज्जासंस्था अपरिपक्व असल्याने त्याला वेदना जाणवत नाहीत, असे त्यांचे शास्त्र सांगे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे केलेल्या व १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या शास्त्राला हादरा दिला. शस्त्रक्रियेच्या वेळी प्रभावी वेदनाशामक मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या शरीरावरचा ताण कमी राहिला आणि नंतरची गुंतागुंतही कमी झाली. पुढे १९९७ साली टोरंटोच्या ॲना टॅडियो आणि सहकाऱ्यांनी सुंता झालेल्या व न झालेल्या मुलांची चार-सहा महिन्यांनी लस टोचताना तुलना केली. सुंता झालेली मुले सुईला अधिक तीव्रतेने प्रतिसाद देत. ज्यांना सुंतेच्या वेळी बधिर करणारे मलम लावले होते, त्यांच्यात ही तीव्रता कमी होती. याचा अर्थ असा की, जे मूल "दोन मिनिटांत रडून झोपी गेले", त्याचे शरीर ते विसरलेले नव्हते.

उपाय अवघड नाहीत. मलम आहे, मुळाशी द्यावयाची बधिरतेची सुई आहे. १९९७ सालच्याच एका चाचणीत सभोवार वर्तुळाकार दिलेली सुई सर्वांत परिणामकारक ठरली. साखरेच्या पाण्याचा बोळा चोखावयास दिल्याने रडणे थोडे कमी होते, पण तो एकटा पुरा पडत नाही. तो सर्वांत स्वस्त असल्यामुळे त्याच्यावरच भागविण्याचा मोह होतो, इतकेच. स्वीडनने २००१ साली कायदा केला तो या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याने सुंतेला बंदी केली नाही. वेदनाशमन मात्र अनिवार्य केले, आणि ते डॉक्टर वा परिचारिकेच्याच हातून.

त्याहून अधिक हेळसांड होते ती नंतरच्या दिवसांची. जखमेवर एक-दोन दिवसांत पिवळसर पातळ थर येतो. तो पू समजून आजी ओल्या कापडाने पुसून काढते आणि भरत आलेली जखम पुन्हा उघडी पडते. वस्तुतः तो थर जखम भरून येत असल्याची खूण असते. त्याला हात लावू नये. लंगोट चिकटू नये म्हणून व्हॅसलिन लावावे, लंगोट सैल बांधावा. हळद, राख, अंगाची पावडर यांपैकी काहीही त्यावर घालू नये. प्लास्टिकची कडी बसविली असल्यास ती साधारण पाच ते दहा दिवसांत आपोआप गळते, ओढावयाची नसते. बाळाला अंगावर पाजणे हे या दिवसांतले मोठे औषध होय. लंगोटावर रक्ताचा लहानसा डाग पडला तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, लाली पसरत असेल, ताप आला असेल किंवा बारा तास लघवी झाली नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणि काही प्रश्न त्याआधीच विचारावयाचे असतात. बाळाला जन्मतःच 'के' जीवनसत्त्वाची सुई दिली आहे काय? आईच्या माहेरी कोणा पुरुषाचे रक्त लवकर थांबत नाही असे आहे काय? यहुदी धर्मशास्त्राने हिमोफिलियाचे नावही ठाऊक नसताना, सुंतेनंतरच्या रक्तस्रावाने दोन भाऊ दगावले असतील तर तिसऱ्याला सूट दिली होती. मूत्रद्वार टोकाऐवजी खालच्या बाजूस असेल तर सुंता मुळीच करू नये, कारण पुढच्या दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत तीच त्वचा लागते. हे ओळखावयास प्रशिक्षित डोळा लागतो.

तो डोळा चिकलठाण्यापासून दूर नाही. लोक ज्याला 'मिनी घाटी' म्हणतात ते जिल्हा रुग्णालय गावातच आहे, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. अडचण पैशांपेक्षा वेळेची आहे. रोजंदारीवरच्या बापाचा तपासणीसाठी एक दिवस गेला की रोज बुडतो, आणि म्हणून दुसऱ्यांदा दाखवावयास कोणी येत नाही. रुग्णालयाने आठवड्यातील एक वार सुंतेसाठी नेमून द्यावा, तोही कारखान्यांच्या साप्ताहिक सुटीचा विचार करून, ही मागणी अवाजवी नाही. शिवाय नवजात बालकाच्या घरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जावे, अशी व्यवस्था २०११ पासून देशात आहे. सातव्या दिवशी सुंता झालेल्या मुलाच्या दारी ती चौदाव्या दिवशी जाणारच असते. तिला चार धोक्याच्या खुणा शिकविण्यास नवे पद लागत नाही. सातव्या दिवसाच्या भेटीत तिने आईला त्या सांगून ठेवाव्यात, आणि चौदाव्या दिवशी लंगोट सोडून एकदा पाहावे.