खोकला आपला, काळजी शेजाऱ्याची

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. त्या दिवसापासून महाराष्ट्रातील मास्कची सक्ती उठली. मास्क लावायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, असे सरकारने जाहीर केले. त्याच संध्याकाळी रमजानचा चाँद दिसला आणि तरावीहसाठी मशिदी भरून गेल्या. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांचे रमजान आपण घरात काढले होते. त्यामुळे खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या सफा पाहताना अनेकांचे डोळे भरून आले. मास्क तोंडावरून खिशात गेला, खिशातून कपाटात आणि पुढे कपाटातूनही नाहीसा झाला. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले.

हे चांगलेच झाले. निरोगी माणसाने दिवसभर तोंड झाकून फिरावे, असे आज कोणी म्हणत नाही. पण एक प्रश्न मागे राहिला आहे. सर्दी, ताप, खोकला असताना चार माणसांत जावेच लागले, तर मास्क लावण्याची रीत आपण टिकवणार आहोत का?

आज चित्र उलटे दिसते. वलीम्याच्या दावतीत एखादा मास्क लावून आला की चौकशा सुरू होतात. “काय झालं? टेस्ट केली का? अजून करोना संपला नाही वाटतं तुमचा!” कोणी थट्टेने दोन पावले मागे सरकतो. शेवटी तो ओशाळून मास्क काढतो आणि खिशात घालतो. त्याच दावतीत दुसरा एकजण बिर्याणीच्या ताटावर खोकत असतो, त्याला कोणी काही विचारत नाही. ज्याने काळजी घेतली त्याला जाब आणि ज्याने घेतली नाही तो मोकळा, हा न्याय उफराटा आहे.

कोणासाठी लावायचा?

करोनाच्या दिवसांत मास्क लावण्यामागे दोन कारणे होती, आपली भीती आणि पोलिसांचा दंड. आता दोन्ही उरली नाहीत, म्हणून मास्कही उरला नाही. पण मास्कचे तिसरे एक काम आहे आणि ते करोनाच्या आधीपासूनचे आहे. खोकताना, शिंकताना, मोठ्याने बोलताना आपल्या तोंडातून जे तुषार उडतात, ते उगमापाशीच अडवायचे. ऑपरेशन करणारा डॉक्टर मास्क लावतो, तो मुख्यतः रुग्णाच्या जखमेला आपल्या श्वासातले जंतू लागू नयेत म्हणूनच.

मास्क म्हणजे काही अभेद्य भिंत नाही. साध्या तीनपदरी मास्कच्या कडांमधून हवा जाते आणि बंद खोलीत अगदी बारीक कण बराच वेळ तरंगत राहतात. म्हणून मास्कबरोबर उघडी खिडकी हवी, हात धुणे हवे आणि जमेल तेव्हा सरळ घरी विश्रांती हवी. पण ज्याला घरी थांबता येत नाही, त्याच्यासाठी मास्क हा स्वस्त आणि सोपा उपाय आहे. रोजंदारीवरचा माणूस सर्दी झाली म्हणून चार दिवस खाडा करू शकत नाही. लोकलमध्ये किंवा एसटीत तो उभा राहणारच. त्याने मास्क लावला, तर शेजारच्या प्रवाशावर तो उपकारच करतो.

हा शेजारचा प्रवासी कोण असेल, हे आपल्याला ठाऊक नसते. कदाचित तो आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारा असेल. कदाचित तिची केमोथेरपी चालू असेल. आपल्या घरात तर अशी माणसे समोरच असतात. दम्याने बेजार झालेले दादा असतात, साखरेचा आजार असलेल्या नानी असतात. बाळाच्या अकीक्याला सारे खानदान जमते. जो तो बाळाला उचलतो, मुके घेतो. मोठ्यांना नुसते नाक गळण्यापुरते त्रास देणारे काही विषाणू तान्ह्या बाळाच्या छातीत उतरतात आणि त्याला श्वास घेणे अवघड करतात. फ्लूची लसही बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत देता येत नाही. तोवर त्याचा बचाव आपल्याच शहाणपणावर असतो.

जपानमध्ये कोणी का विचारत नाही?

आजारपणातला मास्क सर्वात सहजपणे रुजला तो जपानमध्ये. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तिथे मास्क पसरला. पुढे सर्दी झाली की मास्क लावून कामावर जाणे ही साधी शिष्टाचाराची गोष्ट झाली. आणखी एक कारण मदतीला आले. महायुद्धानंतर तिथे सुगी वृक्षांची प्रचंड लागवड झाली. दर वसंतात त्यांचे पराग हवेत पसरतात आणि असंख्य लोकांना शिंका येऊ लागतात, त्यामुळे तेही मास्क लावतात. मार्च २०२३ मध्ये जपान सरकारने मास्कचा निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोपवला, तरी ही जुनी सवय मोडली नाही.

यातून शिकण्यासारखी गोष्ट अशी की तिथे मास्क लावण्याची कारणे इतकी आहेत की मास्क पाहून माणसाबद्दल काहीच कळत नाही. सर्दी असेल, पराग असतील, घरी आजारी आई असेल. म्हणून कोणी विचारत नाही आणि लावणाऱ्याला संकोच वाटत नाही.

आपल्याकडेही तोंड झाकणे काही परके नाही. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या मुली करोनाच्या कितीतरी आधीपासून धुळीसाठी तोंडाला स्कार्फ बांधत आल्या आहेत. स्थानकवासी जैन साधू-साध्वी मुहपत्ती बांधतात. सूतगिरणीतला कामगार नाकाला रुमाल बांधतो. त्यांना आपण “काय झालं?” असे विचारत नाही. हीच सहजता आजारी माणसाच्या मास्कला मिळायला हवी.

जिची सर्वात जास्त गरज, तिलाच सर्वात मोठी अडचण

या सहजतेची खरी निकड कळते ती क्षयरोगाच्या, म्हणजे टी.बी.च्या बाबतीत. जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे साधारण एक भारतातला असतो. फुफ्फुसाचा टी.बी. हवेतून पसरतो. भिवंडी आणि मालेगावातल्या यंत्रमागांच्या वस्त्यांत, मुंबईत गोवंडीसारख्या भागात, एकेका खोलीत सात-आठ माणसे राहतात. अशा दाटीत त्याला पसरायला वेळ लागत नाही. नेहमीच्या टी.बी.वर सहा महिन्यांचे औषध आहे, सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते आणि रोगी पूर्ण बरा होतो. औषध नीट सुरू झाले की काही आठवड्यांत संसर्गाचा धोकाही खूप कमी होतो. त्या सुरुवातीच्या काळात डॉक्टर मास्क लावायला सांगतात.

आता कल्पना करा, कॉलेजात जाणारी एक मुलगी आहे. तिला टी.बी. निघाला आहे. डॉक्टरांनी मास्क सांगितला आहे. पण वर्गात, मोहल्ल्यात, बसमध्ये दुसऱ्या कोणाच्याही तोंडावर मास्क नाही. तिने लावला तर पहिल्याच दिवशी प्रश्न येणार. अम्मीला धास्ती वाटते की बात बाहेर गेली तर उद्या रिश्ता यायचा नाही. म्हणून मास्क घरीच राहतो. काही घरांत तर याच भीतीने तपासणीही लांबते, औषधे लपवून घेतली जातात आणि मध्येच सुटतात. अर्धवट औषधाने टी.बी. चिवट होतो, मग साधी औषधे त्याला पुरत नाहीत.

या मुलीला धीर देणारी चार भाषणे करण्यापेक्षा तिच्या वर्गातल्या सर्दी झालेल्या तीन मुलींनी मास्क लावून यावे, त्याचा उपयोग अधिक होईल. मग तिचा मास्क चौथा ठरेल आणि तो वेगळा दिसणार नाही. साध्या सर्दीपडशाचा मास्क रुळला, तर मोठ्या आजाराचा मास्क त्याच्या आडोशाला सन्मानाने उभा राहू शकतो. आजारपणातला मास्क टिकावा, असे आम्ही म्हणतो त्याचे सर्वात मोठे कारण हे आहे.

आजाराचा शिक्का बसणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला निराळे सांगायला नको. २०२० च्या एप्रिलमध्ये साथीचे खापर एका समाजावर फोडले गेले. भाजीवाल्यांना नावे विचारली गेली. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या कार्यक्रमासाठी आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याची शक्यता नोंदवली. तो अनुभव ज्यांनी घेतला, त्यांनी तरी दुसऱ्याच्या खोकल्यावरून त्याची लायकी ठरवू नये.

दीन काय शिकवतो?

“अल्लाहवर भरोसा असेल तर मास्क कशाला?” असे अजूनही ऐकू येते. ज्याने उंट मोकळा सोडून भरोशाची गोष्ट केली, त्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला आणि मग भरोसा ठेवायला सांगितले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो.

रोग आपोआप लागत नाही, अशा अर्थाची हदीसही काहीजण पुढे करतात. पण आजारी उंटांना निरोगी उंटांत नेऊ नये, हेही प्रेषितांनीच (स.) सांगितले आहे. जिथे प्लेग असेल तिथे जाऊ नये आणि आपण असू तिथे तो आला तर पळून बाहेर पडू नये, हेही. उलेमांनी या साऱ्यांचा मेळ असा घातला आहे की रोगाला स्वतःची स्वतंत्र सत्ता नाही, तो अल्लाहच्या हुकमाबाहेर नाही; मात्र कारणे त्यानेच निर्माण केली आहेत आणि त्यांपासून जपणे हे माणसाचे काम आहे. शाममध्ये प्लेग पसरल्याचे कळताच हजरत उमर (रजि.) सर्ग येथून काफिल्यासह परत फिरले. अल्लाहच्या तकदीरीपासून पळता का, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा आपण त्याच्या एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

सकीफ कबिल्याच्या शिष्टमंडळात एक कुष्ठरोगी होता. प्रेषितांनी (स.) त्याला निरोप पाठवला की तुझी बैअत आम्ही स्वीकारली आहे, तू परत जा. या छोट्याशा घटनेत अंतरही राखले आहे आणि त्या माणसाचा मानही. शिंक आली की प्रेषित (स.) हाताने किंवा कपड्याने चेहरा झाकत आणि आवाज खाली ठेवत. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, अशी ताकीद आहे. नुसत्या वासाने शेजारच्या नमाजीला त्रास देणे जिथे मंजूर नाही, तिथे तापाचे तुषार त्याच्यावर उडवणे कसे मंजूर असेल?

नमाजमध्ये तोंड झाकू नये, असाही हुकूम आहे आणि फिकहच्या जाणकारांनी ते मकरूह मानले आहे. पण गरज असेल तेव्हा ही कराहत उरत नाही. याच आधारावर करोनाकाळात देशोदेशीच्या उलेमांनी मास्कसह नमाजला परवानगी दिली. शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना जरूर विचारा. खरे तर ताप-खोकल्याने बेजार असलेल्याला घरी नमाज पढण्याची सवलत आहे. तिचा लाभ घेणे हा काही इमानाचा कमकुवतपणा नव्हे.

बहिणींसाठी एक गोष्ट. नकाब हा मास्क नव्हे. त्याचे कापड पातळ असते आणि तो खालून मोकळा असतो. खोकला असेल तर नकाबच्या आत मास्क लावावा. फ्रान्सने २०१० मध्ये सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावर बंदीचा कायदा केला आणि दहाच वर्षांनी, मे २०२० मध्ये, त्याच देशाने बसमध्ये आणि रेल्वेत मास्क सक्तीचा केला. झाकलेला चेहरा पाहून माणसाविषयी घाईने मत बनवणे किती फोल असते, हे तेव्हा साऱ्या जगाने पाहिले.

सुरुवात कुठून करायची?

कायद्याने ही रीत येणार नाही आणि येऊही नये. लहान मुले, श्वासाचा त्रास असलेले आणि ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेणारे कर्णबधिर यांच्यासाठी मास्क अडचणीचा असतो. दोन-पाच वर्षांच्या बाळाच्या तोंडाला मास्क बांधण्याचा हट्ट धरू नये. बाकीच्यांनी पुढील गोष्टी केल्या तरी पुष्कळ आहे.

मशिदीच्या ट्रस्टींनी वुजूखान्याजवळ मास्कचा एक डबा ठेवावा आणि वापरलेले मास्क टाकायला झाकणाची कचरापेटी. खर्च फारसा नाही. इमामसाहेबांना स्वतःला खोकला असेल त्या जुम्याला त्यांनीच मास्क लावून बयान करावे. लोकांवर त्याचा परिणाम दहा सूचनांपेक्षा जास्त होईल. मकतबमध्ये मुले दाटीने बसून मोठ्याने सबक म्हणतात, तिथे खिडक्या उघड्या असाव्यात. सर्दी झालेल्याने मुसाफह्याऐवजी छातीवर हात ठेवून सलाम करावा आणि समोरच्याने तो रुसवा समजू नये. इयादतला जाणे सुन्नत आहे, पण स्वतः शिंकत असाल तर त्या दिवशी फोनवर विचारपूस करा, दुआ तिथूनही पोचते. उमराहून किंवा हजहून परतलेल्या हाजीसाहेबांना बहुधा खोकला असतोच; त्यांनी भेटायला येणाऱ्यांत आठ दिवस मास्क लावला तर जमजमबरोबर खोकला वाटला जाणार नाही.

साधा तीनपदरी मास्क नाक आणि हनुवटी दोन्ही झाकेल असा लावावा आणि ओला झाला की टाकून द्यावा. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी गर्दीत जाताना डॉक्टरांच्या सल्ल्याने एन-९५ वापरावा. आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर नुसत्या मास्कवर आणि घरच्या काढ्यावर न थांबता जवळच्या सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी करून घ्यावी. ती मोफत आहे. टी.बी. निघालाच, तर पोषक आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून मदत मिळते; नोव्हेंबर २०२४ पासून ती महिन्याला १००० रुपये झाली आहे.

बाकी एक काम असे आहे, ज्याला एक पैसाही लागत नाही. पुढच्या वेळी सफमध्ये, बसमध्ये किंवा दावतीत कोणी मास्क लावलेला दिसला, तर त्याला “काय झालं?” विचारू नका. सलाम करा आणि नेहमीसारखे बोला. तो मास्क आपल्यासाठीच लावलेला असतो.