होडी पुन्हां पाण्यांत लोटतांना

मुळशीच्या मुलखांतील जांबे गांवीं समुद्र दिसत नाहीं. पण ज्या पावसानें आपलीं भातखाचरें भरतात, त्याच पावसांत कोंकणच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. २०२५ सालीं पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवस, यांत्रिक मासेमारी बंद होती. हेच डागडुजीचे दिवस.

दीर्घ दुरुस्तीनंतर होडी पाण्यांत लोटली कीं काम संपलें, असें पाहणारास वाटतें. वस्तुतः खरी परीक्षा तेथून सुरू होते. लाकूड वाळलें म्हणजे रुंदींत आकसतें व फळ्यांच्या सांधी उघडतात. त्यांत तेलांत भिजविलेला कापूस ठासतात, मात्र बेतानें. पाणी पिऊन फळ्या फुगतात, तेव्हां फाजील ठासलेला कापूस सांधच फांकवितो. म्हणून होडी उधाणाच्या भरतीस लोटून प्रथम उथळ, शांत पाण्यांत बांधून ठेवावी. झिरपणारें पाणी उपसावें. झिरप थांबल्यावरच माल व माणसें चढवावीं. फायबरच्या होडीस हा फुगवट्याचा प्रश्न नाहीं. तिच्या भेगा व जोड तपासावे.

मालवणकडील उलांडीच्या होडीस आणखी एक तपासणी हवी. होडीच्या बाजूस आडव्या दांड्यांनीं जोडलेलें तरतें लाकूड म्हणजे उलांडी. तीच होडीला कलंडूं देत नाहीं. ‘कॅटमरान’ हा शब्दही तमिळ ‘कट्टुमरम्’, म्हणजे बांधलेलें लाकूड, यावरून आला आहे. अशा होडीचा जीव तिच्या बांधणींत असतो. लाटांच्या हिसक्यांनीं बंध सैल होतात. पहिल्या फेरीनंतर ते पुन्हां आवळावे.

नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ वाहावा. पण त्यापूर्वीं सांधी आणि बंध हातानें चाचपावे. होडींतील माणसांचे प्राण त्यांवरच अवलंबून असतात.