खेळ तसा रिवाज

चैत्र उजाडला की गावोगाव जत्रांचा हंगाम सुरू होतो. गहू-हरभरा घरात आलेला असतो, माणसांना चार दिवस उसंत असते. सकाळी पालखी, दुपारी कुस्त्यांचा फड आणि अलीकडे जोडीला टेनिस चेंडूवरचं क्रिकेट. हौस चांगलीच आहे. पण खेळावरून होणारे रुसवेफुगवे पार शेतापर्यंत पोचतात. आम्हा विस्ताराचं काम करणाऱ्यांना ते फार जवळून दिसतं.

माझ्या कामाच्या भागातल्या एका गावची गोष्ट. दोन वस्त्यांचा अंतिम सामना, शेवटचं षटक. गोलंदाज धावत आला, तर त्याच्या बाजूचा फलंदाज चेंडू सुटायच्या आधीच रेषेबाहेर पडलेला. गोलंदाजाने थांबून यष्ट्या उडवल्या. पंचाने बाद दिलं. झालं! "ही काय मर्दुमकी?" म्हणत एका वस्तीने मैदान सोडलं. दोन्ही वस्त्या एकाच चारीवर. पाण्याच्या पाळ्या लावायला बसायचं, तर एक आली की दुसरी गैरहजर. उन्हाळी भुईमूग ऐन आऱ्या सुटायच्या वेळेला आणि पाणी आठ दिवस लांबलं. शेंगा पोसल्याच नाहीत. नुकसान दोघांचंही झालं.

मी गावातल्या एका जुन्या वस्तादांना विचारलं, "आण्णा, चूक कुणाची?" ते म्हणाले, "साहेब, चूक कुणाचीच नाही. पोरांनी कुस्तीचा कायदा क्रिकेटला लावला."

बोलणं मला पटलं. कुस्तीत सलामी झडेपर्यंत समोरच्याच्या अंगाला हात लावायचा नाही. एकदा सलामी झडली, की गाफील राहिला तो गेला. तिथे गाफिलाला पाडणं हा डाव असतो. क्रिकेटमध्ये मात्र अशा बाद करण्याला पुष्कळ वर्षं कमीपणा मानला गेला. 1947 साली सिडनीच्या कसोटीत आपल्या विनू मांकड यांनी बिल ब्राऊनला असंच बाद केलं, तेव्हापासून त्या प्रकाराला मांकड यांचंच नाव चिकटलं. खुद्द ब्रॅडमन यांनी मांकड यांची बाजू घेतली होती, तरी ठपका काही जाईना. शेवटी 2022 साली नियमपुस्तकात ही गोष्ट 'अनुचित खेळा'च्या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात घातली. म्हणजे कायद्याने गोलंदाज बरोबर, पण जुन्या रिवाजाने समोरच्याला राग येणारच.

एकाची रीत, दुसऱ्याचा गुन्हा

कबड्डीत सात जण मिळून चढाईला आलेल्या एकट्याला धरतात, त्याला आपण पकड म्हणून टाळ्या देतो. कुस्तीत दुसरा कोणी मदतीला धावला तर फड उठेल. फडात शड्डू ठोकणं ही रीत आहे. फलंदाजासमोर जाऊन कोणी मांडी थोपटली तर पंच समज देईल. खो-खोत पळणारा हुलकावणी देतो ते त्याचं कसब, पण पाठलाग करणाऱ्याने उलटी दिशा धरली की तो फाऊल.

क्रिकेटचा मोठेपणा वेगळ्याच ठिकाणी दिसतो. 1980 साली वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत पंचांनी बॉब टेलरला झेलबाद दिलं. आपले कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांना वाटलं, बॅट लागलेली नाही. त्यांनी त्याला परत बोलावलं. त्या वेळी इंग्लंडचे पाच गडी 58 धावांत गेले होते. पुढे टेलर आणि बोथम यांनी 171 धावांची भागी केली आणि आपण दहा गड्यांनी हरलो. पण विश्वनाथ यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं.

कुस्तीत हे चालणार नाही. तिथे पंचाने निकाल दिला की विषय संपला. म्हणून 2025 साली अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निकालावरून पंचाला लाथ बसली, तेव्हा साऱ्या राज्याला ते झोंबलं. त्या मल्लावर तीन वर्षांची बंदी आली.

बैल तक्रार करत नाही

आता आपल्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या खेळाकडे येतो. कुस्ती असो की कबड्डी, खेळणारा आपल्या राजीखुशीने उतरतो आणि अन्याय झाला तर बोलतो. बैलगाडा शर्यतीत बैलाला कुणी विचारत नाही आणि तो तक्रारही करत नाही. म्हणून सगळ्यात कडक शिस्त इथेच हवी. ती आपण पाळली नाही. टोचण्या, चाबूक, बॅटरीचे झटके चालले. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. 2021 च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि 2023 च्या मे महिन्यात राज्याचा कायदा न्यायालयाने कायम केला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, मारझोडीला मनाई, या अटी कुणाला कटकटीच्या वाटतील. पण त्या बैलाच्या वतीने लिहिलेल्या आहेत असं समजा. कोणी लपूनछपून टोचणी लावली तर फसवणूक दुसऱ्या गाडीवानाची होते, तशीच स्वतःच्या जनावराची. आणि खेळ पुन्हा बंद पडला तर सगळ्यांचाच पडेल.

यंदा एवढं करा

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि यात्रा कमिटीला माझी विनंती आहे. जत्रेआधी एकदा बसा. प्रत्येक खेळाचा नियम आणि रिवाज दोन्ही ठरवा. रेषेबाहेर निघालेल्याला आधी एकदा ताकीद द्यायची की नाही, तेही आधीच ठरवा. खेळ सुरू होण्यापूर्वी ते ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवा. पंच शक्यतो बाहेरगावचा घ्या. आणि निकाल लागला की दोन्ही बाजूंच्या पोरांना एकाच पंगतीला बसवा.

फडात हरलेला आणि जिंकलेला गळ्यात गळा घालून बाहेर पडतात. एवढा एक रिवाज मात्र खुशाल सगळ्या खेळांना लावा. दुसऱ्या दिवशी चारीवर गाठ त्याच माणसाशी असते.