दोन ठिपके समोरासमोर

फियाटचं टायमिंग कव्हर काढलं की दोन दातेरी चाकं दिसतात. खाली लहान, वर मोठं, आणि दोघांवरून फिरणारी एक साखळी. तेलाची काळी साय रॉकेलच्या चिंधीनं पुसली की दोन्ही चाकांवर एकेक बारीक खूण उमटते. लहान चाकावरची खूण आणि मोठ्या चाकावरची खूण एकमेकींकडे तोंड करून आली, की इंजिनाचं टायमिंग बसलं. गॅरेजातले लोक याला ‘खुणा जुळवणं’ म्हणतात. पनवेलच्या जुन्या गावात, आमच्या घराच्या पडवीसमोर, गेल्या उन्हाळ्यात मी त्या खुणांसमोर चार दिवस बसून होतो.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. जिला तिच्या मालकांनी शेवटपर्यंत फियाटच म्हटलं ती. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. तीच १९७४ पासून पद्मिनी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे हीच गाडी. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वीस वर्षांची मुदत संपली आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. घरच्या गाड्या मात्र अजून कुठे कुठे आहेत. पनवेलला त्या टिकल्या यात नवल नाही. जुना पुणे रस्ता आणि गोव्याचा रस्ता इथेच फुटतात. बोरघाट चढण्याआधी गाडी दाखवून घ्यायची आणि घाट उतरून तापलेल्या गाडीला पाणी घालायचं, अशी कैक दशकांची सवय या गावाच्या गॅरेजांना आहे.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात. कॅमवरचा उंचवटा टॅपेट उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्हला खाली दाबतो. सगळी साखळीच, पण उघड्या डोळ्यांनी दिसणारी. झाकण काढून हॅण्डल फिरवलं की कोण कोणाला ढकलतंय ते शाळेतल्या मुलालाही कळतं. या इंजिनावर माझा जीव आहे तो याच कारणानं. ते काही लपवत नाही.

आता टायमिंग म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, कारण इथेच घरी काम करणारे चुकतात. पिस्टन वर-खाली अशा चार चालींत एक काम पुरं करतो: हवा-पेट्रोल ओढणं, दाबणं, पेटणं, धूर बाहेर टाकणं. त्यात क्रँक दोनदा फिरतो. पण व्हॉल्व्हनं त्या चार चालींत एकदाच उघडायचं असतं, म्हणून कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरायला हवा. त्यासाठी वरच्या, कॅमच्या चाकाला खालच्या, क्रँकच्या चाकापेक्षा दात दुप्पट. क्रँक मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर कॅम २००० घेतो, म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला तेहेतीस वेळा उघडतो आणि मिटतो. या धावपळीत कोण कधी उघडायचं हे ठरवणारं दुसरं काहीही नाही, फक्त ती साखळी कुठल्या दातावर बसली आहे एवढंच.

एक दात चुकला तर? समजा कॅमच्या चाकाला ३६ दात आहेत. एक दात म्हणजे कॅमचे दहा अंश, आणि क्रँकचे वीस. वीस अंश म्हणजे थोडंथोडकं नाही. इंजिन कदाचित सुरू होईल, पण चढावर दम लागेल, पिकअप जाईल, सायलेन्सर तापेल. माणूस कार्बोरेटर खोलत बसतो, प्लग बदलतो, आणि दोष पुढच्या झाकणाआड शांत बसलेला असतो. दोन-तीन दात चुकले तर काही इंजिनांत पिस्टन सरळ उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो. व्हॉल्व्ह वाकला की हेड पुन्हा उतरवायचं.

माझ्या पहिल्या जुळणीत एक दात चुकला होता. चूक साधी होती. साखळी चढवली तेव्हा खुणा समोरासमोर होत्या, पण साखळीची ओढणारी बाजू ढिली होती. चाक फिरताच ढिलेपणा निघाला आणि कॅम मागे राहिला. खुणा बघायच्या त्या साखळी ताणलेली असताना, हे मला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. जुन्या पुणे रस्त्यावर आयुष्य घालवलेले एक मिस्त्रीकाका संध्याकाळी चहाला आले होते. त्यांनी पान्ह्याला हातही लावला नाही. म्हणाले, “स्टार्टर नंतर मार. आधी हाताने दोन फेरे घे, मग खुणा परत बघ.”

या दोन फेऱ्यांवर मला थोडं थांबायचं आहे. मला तरी सगळी कला इथेच आहे असं वाटतं. हॅण्डल लावून क्रँक हळूहळू फिरवायचा. प्लग आधीच काढून ठेवायचे, म्हणजे दाब अडवत नाही. पहिल्या फेऱ्याअखेर लहान चाकाची खूण वर येते, पण मोठ्या चाकाची दुसऱ्या टोकाला असते. इथे नवखा घाबरतो. दुसरा फेरा पुरा झाला की दोन्ही खुणा पुन्हा समोरासमोर यायलाच हव्यात. मधे कुठे हॅण्डल अडलं तर जोर लावायचा नाही. अडणं म्हणजे इंजिन काहीतरी सांगतंय. माझ्या खुणा दुसऱ्या फेऱ्याअखेर एका दातानं हुकल्या. साखळी उतरवली, पुन्हा चढवली, पुन्हा दोन फेरे. त्या दिवशी मी निदान वीस वेळा हॅण्डल फिरवलं असेल, आणि विसाव्या वेळी मला खुणांकडे न बघताही कळत होतं की दुसरा फेरा कुठे संपतोय.

खुणा जुळल्या तरी एक प्रश्न उरतो. एक नंबरचा पिस्टन वर आहे, ठीक. पण तो दाब संपवून वर आलाय, की धूर टाकून? चार चालींत पिस्टन दोनदा वर येतो. ओळखायची जुनी रीत सोपी आहे. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायचा आणि कुणालातरी हॅण्डल फिरवायला सांगायचं. दाबाच्या चालीत आतली हवा अंगठा उडवून लावते. घरात हे काम माझ्या पुतणीनं केलं, आणि अंगठा उडाल्यावर ती जी दचकली त्यावरून तिला कॉम्प्रेशन आयुष्यभर लक्षात राहील. दुसरी खूण रॉकरवर मिळते. एक नंबर पेटायच्या जागी असताना चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह झुलतात. एक मिटत येतो, दुसरा उघडू लागतो. फायरिंग ऑर्डर एक-तीन-चार-दोन, त्यामुळे एक आणि चारची जोडी, दोन आणि तीनची जोडी. टॅपेट सेट करतानाही हेच वापरतात: चार झुलला की एकचे टॅपेट, दोन झुलला की तीनचे. फिलर गेजची पट्टी फटीत सरकवताना किंचित ओढ लागावी, लोण्यातून सुरी जावी तशी सुळकन जाऊ नये.

पिस्टन अगदी वरच्या टोकाला कधी आहे, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. तिथे तो क्षणभर रेंगाळतो; क्रँक सरकत असतो आणि पिस्टन जागचा हलत नाही. त्यावरही उपाय आहे. प्लगच्या भोकातून सायकलची तार सोडायची. पिस्टन वर यायच्या आधी तार एका ठरावीक उंचीला असताना पुलीवर खडूची रेघ मारायची, टोक ओलांडून तार पुन्हा त्याच उंचीला उतरली की दुसरी रेघ. खरं टोक दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये. यंत्र सांगत नाही ते भूमितीतून काढून घेण्याची ही युक्ती मला फार आवडते.

कॅमशाफ्ट हातात घेतला तर तो दिसायला ओबडधोबडच: एका दांड्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. पण त्या उंचवट्याच्या नाकावर सगळा भार येतो, आणि ते झिजलं की व्हॉल्व्ह पुरा उघडतच नाही. म्हणून ओतीव कॅमशाफ्ट करताना साच्यात नाकाजवळ लोखंडाचे तुकडे ठेवतात. वितळलेलं बीड तिथे झटक्यात गार होतं आणि पांढरं, कडक बनतं. बाकीचा दांडा सावकाश निवतो आणि थोडा मऊ राहतो. हे काम आज सोलापुरात मोठ्या प्रमाणात होतं. १९९२ मध्ये तिथे सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कॅमशाफ्ट फोर्ड, जनरल मोटर्स, मारुतीसारख्या कंपन्यांच्या इंजिनांत जातात. वालचंदांच्या गावात आता चादरींबरोबर कॅम तयार होतात, हे कुर्ल्याच्या जुन्या कामगारांना ऐकायला आवडेल.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि घरगुती दुरुस्तीचं गणित बदललं. तीन सिलिंडर, कॅम हेडमध्ये वर, आणि साखळीऐवजी रबरी दातेरी पट्टा. पट्टा तेलाशिवाय चालतो, आवाज करत नाही, पण झिजताना इशाराही देत नाही. साखळी सैलावली की पुढून खर्र-खर्र करते आणि महिनाभर आधी सांगते. आताच्या गाड्यांत तर कॅमची वेळ चालता चालता तेलाच्या दाबानं मागे-पुढे होते, आणि जुळणी करताना कॅम जखडून ठेवायला त्या इंजिनापुरतं वेगळं हत्यार लागतं. गाड्या यानं चांगल्याच झाल्या, पेट्रोल कमी पितात. पण पडवीत बसून पुतणीला व्हॉल्व्ह झुलताना दाखवायचा तर फियाटच हवी.

पनवेलच्या हवेचं एक सांगतो. खाडीचा दमटपणा इतका की रॉकेलनं लख्ख धुतलेला भाग रात्रभर उघडा राहिला तर सकाळी तांबूस साय धरतो. म्हणून प्रत्येक भाग पुसला की लगेच तेलाचा हात, आणि वर जुनं धोतर. कॅमच्या नाकांना तर बसवण्याआधी दाट तेल चोपडावंच लागतं. पहिल्या काही मिनिटांत तिथे तेल पोचलं नाही तर नवं नाक तेवढ्यातच खरडतं.

चौथ्या दिवशी कव्हर लागलं, रेडिएटर चढला. स्टार्टर मारला तर कार्बोरेटरमधून फट्-फट् आवाज आणि ज्वाळेचा झोत. टायमिंग बरोबर होतं, पण डिस्ट्रिब्युटर, ज्याला गॅरेजात डेल्को म्हणतात, तो मी बरोब्बर उलटा बसवला होता. एक नंबर धूर टाकत असताना ठिणगी पडत होती. काढला, अर्धा फेरा फिरवला, बसवला. दुसऱ्या स्टार्टरला इंजिन धरलं. पळस्पे फाट्यापर्यंत जाऊन आलो, पाणी बघितलं, पुढच्या अंगाला कान लावला. साखळी गप्प होती. हेडचे नट पहिल्या तापण्यानंतर, पुरतं गार झाल्यावर, पुन्हा आवळायचे असतात, म्हणून संध्याकाळपर्यंत बॉनेट उघडंच ठेवलं.